शब्द, पुरावा आणि निवाडा : पारलिंगी वैद्यकाच्या वादाचे वाचन



अर्थविचार आणि परिभाषा यांचा अभ्यास तुम्ही या अभ्यासक्रमात करत आहात. शब्दाचा अर्थ संदर्भानुसार बदलतो, एकच शब्द शास्त्रात एका अर्थाने आणि व्यवहारात दुसऱ्या अर्थाने वावरतो, हे तुम्हाला आता परिचित आहे. या लेखात हीच साधने घेऊन एका चालू वादाकडे पाहायचे आहे. पारलिंगी व्यक्तींच्या, विशेषतः अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या, वैद्यकीय उपचारांविषयी गेल्या काही वर्षांत डॉक्टरांमध्ये, न्यायालयांत आणि समाजात तीव्र मतभेद निर्माण झाले आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याने त्यात का शिरावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझे मत आरंभीच मांडते : तज्ज्ञाचा सावध शब्द लोकव्यवहारात उतरताना निवाडा होऊन बसतो, आणि या वादातील बराचसा गोंधळ तेथे जन्म घेतो. त्याची किंमत ज्यांच्या आयुष्याविषयी हा वाद चालला आहे, त्यांना मोजावी लागते.

१. ‘लिंग’ या शब्दापासून सुरुवात

मराठीत ‘लिंग’ हा शब्द शरीराच्या अवयवासाठी, स्त्री-पुरुष या शारीरिक भेदासाठी आणि व्याकरणातील कोटीसाठी वापरला जातो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘खूण’ असा आहे. शरीरावरची खूण आणि शब्दाचे लिंग यांचा मेळ बसत नाही, हे आपल्या व्याकरणपरंपरेने फार पूर्वी ओळखले होते. पतंजलीने महाभाष्यात या प्रश्नाची चर्चा केली आहे. शारीरिक लक्षणांवरून लिंग ठरवावे, तर निर्जीव असलेली ‘खट्वा’ स्त्रीलिंगी कशी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी कसा, असा पेच तेथे उभा केलेला आहे. शरीराविषयीची कोटी, भाषेतली कोटी आणि समाजातली कोटी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणूनच मराठी अभ्यासकांनी सामाजिक अंगासाठी ‘लिंगभाव’ हा शब्द घडवला.

वृत्तपत्रांत आपण ‘लिंगबदल शस्त्रक्रिया’ असे वाचतो. कार्यकर्ते ‘लिंगपुष्टी उपचार’ म्हणतात. या दोन्ही शब्दांत एकेक भूमिका दडलेली आहे. ‘बदल’ म्हटले की व्यक्ती आधी एक होती आणि नंतर दुसरी झाली, असे गृहीत धरले जाते. ‘पुष्टी’ म्हटले की ती पूर्वीपासून तशीच होती, उपचाराने फक्त दुजोरा दिला, असे गृहीत धरले जाते. वाद सुरू होण्यापूर्वीच शब्दाने निकाल दिलेला असतो. मी या लेखात शक्य तेथे ‘उपचार’ एवढाच शब्द वापरते, आणि कोणता उपचार ते स्पष्ट सांगते.

मराठी भाषिकाला आणखी एक गोष्ट सहज समजेल. इंग्रजीत स्वतःविषयी बोलताना क्रियापदाला लिंग लागत नाही. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांतून निवड करावीच लागते. म्हणजे लिंगभावाविषयी संभ्रमात असलेल्या मुलाला आपल्या भाषेत साधे वाक्य बोलतानाही अनेकदा भूमिका जाहीर करावी लागते. हा वाद दूरदेशीचा आहे असे वाटत असेल, तर एवढे एक निरीक्षण पुरेसे आहे.

२. निदानाच्या शब्दांचा प्रवास

वैद्यकाची परिभाषाही स्थिर राहिलेली नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८० मध्ये, ‘ट्रान्ससेक्शुअॅलिझम’ हे निदान समाविष्ट झाले. १९९४ च्या आवृत्तीत त्याची जागा ‘लिंगभाव ओळखीचा विकार’ अशा अर्थाच्या नावाने घेतली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘विकार’ हा शब्द जाऊन ‘जेंडर डिस्फोरिया’ हा शब्द आला. त्याचा रोख ओळखीवर नाही. शरीर आणि लिंगभाव यांतील विसंगतीमुळे होणाऱ्या तीव्र अस्वस्थतेवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आली.

ती यादीतून पूर्णपणे का वगळली नाही? नोंद नसेल तर उपचार, विमा आणि सरकारी सेवा मिळणे अवघड होते. कलंक कमी व्हावा, पण उपचाराचे दार बंद होऊ नये, असा हा मध्यम मार्ग होता. नामकरणात ज्ञान आणि मूल्य दोन्ही गुंतलेली असतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण तुम्हाला क्वचित सापडेल.

३. एका अहवालाचे दोन चुकीचे अनुवाद

आता इंग्लंडमधील प्रकरण पाहू. तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या मुलांसाठीच्या लिंगभाव-चिकित्सालयाकडे २०११-१२ मध्ये अडीचशेहून कमी मुले पाठवली गेली होती. २०२१-२२ मध्ये ही संख्या पाच हजारांवर गेली. प्रतीक्षायादी लांबली, उपचारपद्धतीविषयी शंका उपस्थित झाल्या. या सेवेचा स्वतंत्र आढावा घेण्याचे काम २०२० मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यासाठी यॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासगटाने उपलब्ध संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेतले. वयात येण्याची प्रक्रिया थांबवून धरणारी औषधे, म्हणजे प्युबर्टी ब्लॉकर्स, यांविषयी ५० आणि हार्मोन उपचारांविषयी ५३ अभ्यास त्यांना मिळाले. एकूण १०३ पैकी २ अभ्यास उच्च दर्जाचे, ५८ मध्यम दर्जाचे आणि उरलेले कमी दर्जाचे ठरले. निष्कर्ष काढताना उच्च आणि मध्यम अशा दोन्ही दर्जांचे मिळून ६० अभ्यास विचारात घेतले गेले. उपचारांच्या परिणामांविषयी खात्रीने बोलता येईल असा आधार कमी आहे, असे अहवालाचे मत होते. प्युबर्टी ब्लॉकर्स केवळ संशोधनाच्या चौकटीत द्यावीत, मुलाच्या एकूण मानसिक आणि कौटुंबिक स्थितीचा विचार व्हावा, असे त्यात सुचवले होते. काही तरुणांसाठी वैद्यकीय मार्ग हाच योग्य ठरेल, हेही त्यात मान्य केले होते.

लोकचर्चेत या अहवालाचे दोन अनुवाद झाले. एका बाजूने सांगितले गेले की अहवालाने ९८ टक्के संशोधन केराच्या टोपलीत टाकले. हे चूक आहे. उच्च दर्जाचे अभ्यास दोनच होते, पण मध्यम दर्जाचे टाकून दिलेले नव्हते. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की हे उपचार घातक असल्याचे सिद्ध झाले. हेही चूक आहे. फायद्याविषयीची खात्री कमी असणे आणि हानी सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी वाचकाला हा फरक जाणवणे अधिक अवघड आहे, कारण ‘पुरावा’ हा शब्द आपल्या कानावर बहुधा न्यायालयाच्या बातम्यांतून पडतो. पुरावा कमकुवत ठरला की आरोपी सुटतो, दावा कोसळतो, प्रकरण संपते. वैद्यकात पुराव्याची प्रत ही पायरी असते. संशोधक ती पायरी सांगतो, तेव्हा तो एवढेच म्हणत असतो की पुढील अभ्यासाने आजचे अनुमान बदलू शकते. ‘पुरावा कमकुवत आहे’ या वाक्याचा न्यायालयीन अर्थ घेऊन जो वाचक पुढे जातो, त्याने अहवाल वाचलेला नसतो. त्याने निकाल ऐकलेला असतो.

४. मतभेद खरा कोठे आहे?

सगळा मतभेद शब्दांचा आहे, असे मात्र समजू नका. तज्ज्ञांमध्ये खरे मतभेद आहेत. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये अल्पवयीनांच्या उपचारांबाबत अधिक सावध मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. उलट अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने उपचारांना अनुकूल असलेले आपले २०१८ चे धोरण २०२३ मध्ये कायम ठेवले आणि त्याच वेळी संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेण्याचेही ठरवले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २०२४ च्या जुलैअखेर कॅस अहवालाच्या शिफारशींची अंमलबजावणी थांबवण्याची मागणी केली आणि सप्टेंबरमध्ये तटस्थ राहून परीक्षण करण्याची भूमिका घेतली.

जवळपास तेच संशोधन समोर असताना निष्कर्ष वेगळे का? कारण खात्री नसताना काय करावे, हा प्रश्न संशोधन एकटे सोडवू शकत नाही. एक पक्ष म्हणतो : शरीर निरोगी आहे, परिणाम आयुष्यभराचे आहेत, प्रजननक्षमतेचा प्रश्न आहे, मूल अजून घडते आहे, म्हणून खात्रीची अपेक्षा येथे अधिक हवी. दुसरा पक्ष म्हणतो : वयात येणे कोणासाठी थांबत नाही, त्याने होणारे बदलही परत फिरवता येत नाहीत, मुलाचे दुःख आजचे आहे, म्हणून थांबणे हाही एक निर्णयच आहे. बालवैद्यकातील इतर अनेक उपचारही अपुऱ्या पुराव्यावरच दिले जातात, याकडेही तो लक्ष वेधतो. हे दोन्ही युक्तिवाद विचारी माणसांचे आहेत. त्यांपैकी एकाला ‘विज्ञान’ आणि दुसऱ्याला ‘विचारसरणी’ म्हणणे हा युक्तिवाद नव्हे; तो केवळ शब्दांचा आधार घेऊन केलेला पवित्रा आहे.

कायद्याचा प्रश्न आणखी निराळा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये टेनेसी राज्याचा अल्पवयीनांच्या उपचारांवरील बंदीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. हा निर्णय राज्याला असा कायदा करण्याचा घटनात्मक अधिकार आहे का, याविषयीचा होता. उपचार योग्य की अयोग्य, हे त्या न्यायालयाने ठरवलेले नाही. बातमीच्या मथळ्यात मात्र हे दोन प्रश्न सहज एक होतात.

५. आपल्याकडील प्रश्न

इंग्लंड-अमेरिकेचा वाद जसाच्या तसा उचलून महाराष्ट्रात आणणे मला गैर वाटते. कॅस अहवाल एका देशाच्या मुलांसाठीच्या सेवेविषयी आहे. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या तीस वर्षांच्या व्यक्तीच्या उपचारांविषयी तो काहीही सांगत नाही. आपल्याकडचे मूळ प्रश्न वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात व्यक्तीने स्वतः ठरवलेल्या लिंगभाव ओळखीला मान्यता दिली आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे बेकायदा ठरवले. २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्यात मात्र, प्रमाणपत्रावर स्त्री किंवा पुरुष असा बदल हवा असल्यास शस्त्रक्रियेनंतरच्या वैद्यकीय दाखल्याची अट घालण्यात आली. म्हणजे तेथे काही मुलांना उपचार मिळावेत की नाही हा वाद आहे, तर येथे कागदावरच्या एका शब्दासाठी प्रौढ व्यक्तीने शस्त्रक्रिया का करून घ्यावी, हा वाद झाला.

आणखी एक बाजू पाहा. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, जन्मतः शारीरिक लक्षणे संमिश्र असलेल्या अर्भकांवर ‘दुरुस्ती’ म्हणून होणाऱ्या शस्त्रक्रियांना मनाई करण्याचे निर्देश दिले. त्याच न्यायालयातील दुसऱ्या प्रकरणानंतर, २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लैंगिक कल किंवा लिंगभाव बळेच बदलू पाहणारी तथाकथित ‘थेरपी’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ‘दुरुस्ती’ आणि ‘थेरपी’ हे दोन्ही शब्द येथे अवतरणचिन्हांत का पडतात, याचा विचार करा. मुलाच्या शरीराविषयी घाई नको, हे तत्त्व मानायचे असेल तर ते दोन्ही दिशांना सारखेच लागू केले पाहिजे.

६. तुमच्यापुढील काम

तुमच्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, अंगणवाडीत, कचेरीत, पोलीस ठाण्यात काम करतात. अनेक जण पालक आहेत. उपचाराचा निर्णय तुमच्या हाती नाही, पण समोर आलेल्या मुलाशी वा प्रौढ व्यक्तीशी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे तुमच्याच हाती आहे. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरते. उपचार पुराव्याच्या कसोटीवर घासलेच पाहिजेत. त्यात कोणाच्याही भावनांची भीड नको. व्यक्तीची प्रतिष्ठा मात्र कोणत्याही अभ्यासाच्या निष्कर्षाची वाट पाहत थांबत नाही. संशोधन अपुरे आहे म्हणून वर्गातल्या मुलाची टर उडवण्याची परवानगी मिळत नाही. आणि मुलाविषयी आस्था आहे म्हणून अपुरे संशोधन पुरेसे होत नाही. ही दोन वाक्ये एकाच वेळी मान्य करता येतात. ज्याला ती परस्परविरोधी वाटतात, त्याने वस्तुस्थितीचा प्रश्न आणि मूल्याचा प्रश्न यांची गल्लत केलेली असते.

ती गल्लत ओळखणे, शब्द कोणत्या क्षेत्रातून आला आणि कोणत्या अर्थाने आला हे विचारणे, हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे. पदवी मिळाल्यावरही ते संपत नाही.

विचार करा

१. ‘लिंगबदल’ आणि ‘लिंगपुष्टी’ या शब्दांतील गृहीतके स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा. दोन्ही गृहीतके टाळणारा पर्यायी शब्द सुचवता येईल का?

२. ‘पुरावा’ या शब्दाचा न्यायालयीन आणि वैद्यकीय वापर यांतील फरक प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.

३. आरोग्यविषयक कोणतीही एक मराठी बातमी निवडा. तिच्यातील वस्तुस्थितीची, मूल्याची आणि कायद्याची विधाने वेगवेगळी काढून दाखवा.