गाजरगवताचा बंदोबस्त

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्यावर आपल्या मुलखातील कोणत्याही हमरस्त्याची कड, गावाचे गायरान किंवा घरबांधणीच्या प्रतीक्षेत पडून असलेला शहरातील भूखंड पाहावा; गाजराच्या पाल्यासारख्या कातरलेल्या पानांची कोवळी रोपे जमिनीलगत दाटीने पसरलेली दिसतात, आणि त्या वेळी त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसल्यामुळे श्रावण सरण्याच्या आत ती कमरेइतकी वाढून पांढऱ्या फुलांनी भरून जातात. कोणी त्याला गाजरगवत म्हणतो, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५५ साली पुण्यात आढळले आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. परदेशी धान्यातून त्याचे बी आले, असा सार्वत्रिक समज आहे. ते कसेही आले असो. पुण्याच्या परिसरात ज्याची प्रथम दखल घेतली गेली, ते तण आज देशभर पसरले आहे, आणि म्हणून त्याच्या बंदोबस्ताची चाड महाराष्ट्राला इतरांहून अधिक असावयास हवी.

या वनस्पतीचे सामर्थ्य तिच्या फुलात आहे. हातमोजा घालून तिचा एक गोंडा जवळून न्याहाळला, तर जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या त्या पांढऱ्या ठिपक्याच्या कडेला पाच सूक्ष्म पाकळ्या दिसतात, आणि त्या प्रत्येकीच्या बुडाशी एक, अशा पाचच बिया धरतात. परंतु एका झाडावर असे गोंडे इतके येतात की बियांची संख्या पंधरा-वीस हजारांवर सहज जाते. बी हलके असल्यामुळे ते गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून, पाटाच्या पाण्यातून, वाळू-मुरमाच्या ढिगातून आणि शेणखतातूनही प्रवास करते. उगवल्यापासून महिन्याभरात रोप फुलावर येते, आणि ओल मिळाली तर हे चक्र वर्षभर चालू राहते. त्याच्या अंगच्या द्रव्यांमुळे आसपासचे दुसरे बी नीट रुजत नाही. मारवेल, पवन्या, कुसळी यांवर ज्या गायरानात गुरे चरत, तेथे आता गुरांनी तोंड फिरवावे असे हिरवे रान माजलेले असते. भुकेपोटी त्यांनी ते खाल्लेच, तर दुधाला कडवटपणा येतो. खुरपणाऱ्या बायांच्या हातांना खाज सुटते, पापण्या सुजतात, काहींची कातडी काळवंडून जाड होते, आणि या दुखण्याची भरपाई त्यांना कोणत्याही खात्याकडून मिळत नाही.

परदेशातून आले एवढ्याच कारणाने झाडाला शत्रू ठरवणे मला मान्य नाही. मिरची, बटाटा, पेरू हे सर्व परमुलखातूनच आले आणि आपल्या संसारात सुखाने नांदत आहेत. आक्षेप आहे तो नियंत्रणाबाहेर पसरून इतरांचा निर्वंश करणाऱ्या वनस्पतींना. आणि त्याहूनही मोठा आक्षेप आहे तो त्यांच्या बंदोबस्ताची जी रीत आपण पाडून ठेवली आहे तिला. गाजरगवत निर्मूलनाचा समारंभ बहुधा झाडे फुलून गेल्यावर होतो. उपटलेले भारे रस्त्याच्या कडेला तसेच पडतात आणि त्यांतील बी पुढच्या वर्षाची पेरणी करून ठेवते. हेच काम आषाढात, जमीन ओली व मऊ असताना केले, तर रोप मुळासकट हाती येते आणि फुलोऱ्यापूर्वीच्या त्या पाल्याचे उत्तम कंपोस्टही होते. नद्यांवरील जलपर्णीची कथा निराळी नाही. मक्ता दिला जातो तो जलपर्णी काढण्याचा, आणि ज्यांच्यावर ती पोसते ती सांडपाण्याची गटारे नदीत वाहतच राहतात. टेकड्यांवर तर गिरिपुष्पासारखी परकी झाडे सरकारी खर्चाने लावली गेली, आणि त्यांच्याखाली माळरानाचे गवत टिकले नाही.

मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूर येथे सोडलेला झायगोग्रामा हा भुंगेरा गाजरगवताची पाने खाऊन फस्त करतो, हे खरे; पण कोरड्या दिवसांत तो जमिनीत निद्रिस्त राहतो, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकून स्वस्थ बसता येत नाही. नुसता कायदाही पुरा पडत नाही. कर्नाटकाने १९७५ सालीच हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केले, तरी तेथील माळ त्यापासून मुक्त झालेले नाहीत. उपटल्यानंतर जी जमीन उघडी पडते तिला दुसरे काही दिले नाही, तर तेच तण पुन्हा तिचा कब्जा घेते. तेथे पावसापूर्वी टाकळ्याचे बी फेकावे. विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात आणि ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाच्या आरंभी घरोघर होते, तो टाकळा दाट वाढून गाजरगवताला जागा उरू देत नाही.

माझे मागणे मोठे नाही. रस्त्याची कड बांधकाम खात्याची, गायरान ग्रामपंचायतीचे, मोकळा भूखंड त्याच्या मालकाचा, अशी हद्दवार जबाबदारी दप्तरी नोंदवावी. जुलै संपण्यापूर्वी काम पुरे न झाल्यास कसूर करणाऱ्याला जाब विचारावा. आणि मक्तेदाराचे देणे काढलेल्या भाऱ्यांच्या वजनावर न ठरवता, तीन पावसाळ्यांनंतर त्या जागी काय उगवले आहे ते पाहून चुकते करावे. जमिनीत साठलेले बी एका हंगामात संपत नाही, म्हणून एका वर्षाच्या मोहिमेवर पैसा घालू नये. गावोगावच्या ग्रामसभांनी येत्या मृगापूर्वी असा ठराव करावा, आणि वाचकांपैकी ज्यांच्या नावावर पडीक जमीन आहे त्यांनी तर ठरावाचीही वाट पाहू नये.