गाडीला आंघोळ कितीदा?

खरं सांगा, तुमची गाडी शेवटची कधी धुतलीत? ‘रोजच की!’ असं उत्तर आलं असेल तर जरा थांबा. मीही तेच सांगायचे. आमच्या सोसायटीत सकाळी सहाला गाडी पुसणारा दादा येतो. महिन्याला ७०० रुपये. साडेआठला मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उडी मारायला खाली उतरते, तेव्हा माझी निळीशार गाडी बेसमेंटमध्ये चकाचक उभी असते. आपला हातही ओला होत नाही आणि गाडी रोज स्वच्छ! आणखी काय पाहिजे, बॉस?

तीन वर्षं हा फंडा मस्त चालला. मग साताऱ्याहून आई-बाबा आले.

आम्हाला शनिवारी सकाळी दापोलीला निघायचं होतं. बॅगा भरल्या, आईचा लाडवांचा डबा मागच्या सीटवर बसला, आणि मी गाडी बेसमेंटमधून वर काढून गेटपाशी उन्हात उभी केली. बाबा बसायच्या आधी नेहमीप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारून आले. बॉनेटपाशी थांबले.

‘‘ही काय कोळिष्टकं आलीत गं गाडीवर?’’

मी हात फिरवला. काहीच हाताला लागेना. मग त्यांच्या शेजारी उभं राहून वाकून पाहिलं, तर बॉनेटवर जिथे सूर्य चमकत होता तिथे त्याच्याभोवती गोल गोल, बारीक, असंख्य रेघा. डिट्टो कोळ्याचं जाळं. बेसमेंटच्या ट्यूबलाइटमध्ये तीन वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं.

‘‘रोज पुसतात ना हिला?’’ बाबांनी विचारलं.

‘‘रोज!’’ मी अभिमानाने सांगितलं.

‘‘मग त्यानेच झालंय.’’

गंमत अशी की बाबांचं शंभर टक्के बरोबर होतं. पुण्यात सध्या प्रत्येक गल्लीत एक तरी बिल्डिंग उठतेय. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक असतात. कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्याने ती धूळ पुसली की आपण रंगावर हलक्या हाताने पॉलिश पेपरच घासत असतो. त्यातून बिचाऱ्या दादाकडे एक बादली आणि गाड्या चौदा. माझा नंबर बारावा. तोवर बादलीतल्या पाण्याचा चहा झालेला असतो!

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याची, उन्हापासून रंगाचं रक्षणही त्याचंच. जाडी किती? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाहून पातळ पापुद्र्यावर मी वर्षातून तीनशे वेळा रेती घासून घेत होते, आणि वर त्याचे पैसे देत होते.

‘‘बादली आहे का घरात?’’ बाबा बाह्या सरसावत म्हणाले.

‘‘बाबा, आत्ता? उशीर होईल. ताम्हिणीत जाम ट्रॅफिक लागतं!’’

‘‘दोन आण.’’

बाबांशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे आधी बजाज चेतक होती, मग सेकंडहँड फियाट आली. रविवारी सकाळी चहा झाला की बाबा पाट घेऊन गाडीशेजारी बसायचे. मला वाटायचं, एवढीशी स्कूटर धुवायला या माणसाला दीड तास का लागतो? मधेच हात थांबायचा, एखादा नट बघायचे, टायरमध्ये अडकलेला खडा खिळ्याने काढायचे, ब्रेकची केबल बोटाने चाचपायचे. दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी तर अख्खी सकाळ जायची.

तर शनिवारी सकाळी साडेसातला, ऐन गेटसमोर, माझ्या गाडीला पहिली खरी आंघोळ घातली गेली. बाबांची पद्धत साधी. गाडी आधी सावलीत घ्यायची, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकतं आणि डाग पडतात. आधी नुसतं पाणी ओतून धूळ खाली जाऊ द्यायची. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं गाडीवर फिरवलं की आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शॅम्पूत बुडवायचं. वरून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. मी किचनमधलं भांड्यांचं लिक्विड आणलं होतं, ते त्यांनी परत पाठवलं. त्याने तेलकटपणा जातो, तसं गाडीवरचं वॅक्सही निघून जातं. मग मीच कोपऱ्यावरच्या दुकानातून कार शॅम्पू आणला.

पुढच्या डाव्या चाकाशी बाबांचा हात थांबला.

‘‘इकडे ये. हात लाव.’’

टायरच्या बाजूला, अर्ध्या लिंबाएवढा फुगा आला होता.

माझी जागा बेसमेंटमध्ये भिंतीला लागून आहे. डावी बाजू भिंतीकडे. दादा तिकडून कसाबसा हात घालून दार पुसायचा, चाकापर्यंत कोणी वाकत नव्हतं. मीही नाही. आणि तेव्हा मला आठवलं, दोन-तीन आठवड्यांपूर्वी रात्री ऑफिसमधून येताना गाडी एका खड्ड्यात दाणकन आदळली होती. मी ‘शिट्’ म्हटलं होतं आणि गाण्याचा आवाज वाढवला होता.

स्टेपनी लावून टायरवाल्याकडे गेलो. काकांनी फुग्यावर अंगठा दाबला. ‘‘ताई, पंक्चर काढता येतं. हे नाही काढता येत. वरून रबर धड दिसतंय, पण आतले दोरे तुटलेत. हा टायर घाटात तापला असता ना...’’ पुढचं ते बोलले नाहीत. मागे आई मांडीवर लाडवांचा डबा घेऊन बसली होती. पुढचे दोन्ही टायर बदलून घेतले. रक्कम ऐकून एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी गपगुमान पैसे दिले.

दापोलीला सातऐवजी साडेबाराला निघालो. घाटात ट्रॅफिक लागलंच. मी एक शब्द काढला नाही.

मुरूडच्या किनाऱ्यावर पोरं गाड्या थेट वाळूत, लाटांपर्यंत नेत होती. फोटो सॉलिड येतात, खरं आहे. पण बाबांनी आमची गाडी रस्त्यावरच लावायला लावली. खारं पाणी वरच्या रंगावरून धुतलं जातं, पण गाडीच्या पोटाला, नटबोल्टांना, सायलेन्सरला चिकटलेलं मीठ तिथेच बसतं. ते ओल धरून ठेवतं आणि गंज लवकर चढतो.

संध्याकाळी मावसभावाचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे ट्रकच्या मागे जोडून न्यायची चाकावरची छोटी खोलीच. टायरची गोष्ट ऐकून तो म्हणाला, ‘‘मी ट्रक दर दोन आठवड्यांनी धुतो, कारण तो रोज पळतो. ट्रेलर मात्र सीझनमध्ये तीन-चार वेळाच. पण त्या दिवशी शिडी लावून छतावरचा एकेक सांधा बघतो. एखादी भेग राहिली तर पाणी आत जातं, आणि बाहेरून काही कळायच्या आत लाकडी सांगाडा कुजतो.’’ बाबा फोनकडे बघून नुसते हसले. त्यांना बहुतेक वाटलं असावं, चला, एक तरी भाचा सुधारला!

परत आल्यावर मी माझं टाइमटेबल बनवलं. पटलं तर घ्या.

रोज: काही नाही. फक्त काचा, आरसे आणि दिवे. पक्ष्याची शी पडली असेल तर मात्र रविवारची वाट पाहू नका. तिच्यातलं आम्ल उन्हात रंगावर कायमचा डाग पाडतं. ओलं फडकं दोन मिनिटं वर ठेवा, मऊ झालं की उचला. घासू नका.

दर पंधरा दिवसांनी: दोन बादल्यांची व्यवस्थित आंघोळ. पावसाळ्यात चिखल उडाला असेल तर आठवड्याने. ‘पाऊस धुतोय की’ हा गोड गैरसमज आहे. पाऊस थांबला की चाकाच्या कमानीतला चिखल तसाच ओला राहतो.

कोकणातून आल्यावर: दोन दिवसांच्या आत, आणि खालून प्रेशरने.

तीन महिन्यांनी: वॅक्स, आतून व्हॅक्युम, आणि दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला जी बारीक भोकं असतात ती मोकळी करणं. ती बुजली की दार आतून गंजतं.

वर्षातून एकदा: जमलं तर डिटेलिंग. पण ‘पॉलिश मारून सगळ्या रेघा घालवतो मॅडम’ असं कोणी म्हटलं की लक्षात ठेवा, पॉलिश म्हणजे त्या केसाहून पातळ थरातलाच थोडा भाग काढणं. दर दिवाळीला करायची गोष्ट नाही. आणि सिरॅमिक कोटिंग केलंत तरी आंघोळ चुकत नाही.

पाण्याचं काय, असं विचारत असाल तर तो प्रश्न रास्त आहे. घरच्या पाइपमधून मिनिटाला सहज दहा लिटर पाणी जातं. अर्धा तास पाइप चालू ठेवला तर तीनशे लिटर. बादल्यांनी पन्नास-साठ लिटरमध्ये भागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५ हजार रुपये दंड लावला होता. आपल्या सोसायटीतही उन्हाळ्यात टँकर येतातच की.

राहिला दादाचा प्रश्न. रोजचं पुसणं बंद म्हणजे त्याचे ७०० बंद? सोमवारी सकाळी सहाला मी खाली गेले, तीन वर्षांत पहिल्यांदाच. दादाला बॉनेट उन्हात नेऊन दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘माहितीय ताई. पण एक दिवस पुसली नाही तर लोक म्हणतात, पैसे कशाचे घेतो?’’

काय बोलणार? ती माणसं म्हणजे मीच होते.

आता पैसे तेच आहेत, काम बदललंय. महिन्यातून दोनदा माझ्या दोन बादल्या, माझी फडकी, आणि त्या दिवशी गाडी भिंतीपासून लांब लावायची माझी जबाबदारी. एक रविवार तो धुतो, एक रविवार मी. चारही टायरवरून हात फिरवायचा, हा नियम दोघांनाही.

गेल्या मंगळवारी साडेसातला दाराची बेल वाजली. दादा होता. ‘‘ताई, मागच्या टायरमध्ये खिळा आहे. हवा गेली नाही अजून. ऑफिसला जायच्या आधी दाखवून घ्या.’’

मंगळवारी धुण्याचा दिवसही नव्हता.