थांबलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे

आमच्या धंद्यात एक वाक्य सर्रास फेकलं जातं: ‘युजर थांबला, म्हणजे त्याला आवडलं.’ रील स्क्रीनवर किती सेकंद राहिली ते मोजायचं, त्या आकड्याला पसंती म्हणायचं आणि तसलंच आणखी दाखवायचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि हे वाक्य मला साफ चुकीचं वाटतं. त्यात लक्ष आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी गुपचूप एक करून टाकल्या आहेत.

लोकांना गोरिलाचा प्रयोग आठवतो. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी व्हिडिओतले बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले. मधूनच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती छाती बडवून गेली. साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. म्हणजे लक्ष दुसरीकडे गुंतलं की जाणीव हुकू शकते. पण लक्ष गेलं की जाणीव येतेच, असं हा प्रयोग कुठे म्हणतो?

त्याच वर्षी रॉबर्ट केंट्रिज आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या दृष्टिकेंद्राला इजा झालेल्या एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या अंध बाजूला खूण दाखवली की त्याचं लक्ष तिकडे वळायचं, त्या खुणेची जाणीव नसतानाही. २००६ साली यी जियांग आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांच्या एका डोळ्याला नग्न चित्रं दाखवली आणि दुसऱ्या डोळ्यासमोरच्या ठळक नक्षीने ती जाणिवेतून पुसली. चित्र कोणत्या बाजूला आहे हे सांगता येत नव्हतं, तरी लक्ष तिकडे ओढलं जात होतं.

तुम्ही म्हणाल, रील तर आपल्याला दिसते. दिसते ना! पण अंगठा का थांबला, हे दर वेळी सांगता येतं का? मला तरी येत नाही. प्रयोगशाळेतून थेट रीलवर उडी मारायची नाही, हे मान्य. पण लक्ष जर माणसाच्या नकळत ओढता येत असेल, तर ओढलं गेलेलं लक्ष हा त्याच्या निवडीचा पुरावा कसा?

मग मोजायचं काय? माणसाने स्वतः टाइप करून शोधलेलं, सेव्ह केलेलं, ‘हे नको’ म्हणून सांगितलेलं. हे आकडे लहान येतील, मीटिंगमधल्या स्लाइडवर शोभणार नाहीत. शोभू नयेत. पण सेकंद मोजून ‘लोकांनाच हे हवं आहे’ असं म्हणणं आपण इंजिनिअरांनी आता बंद करावं.