झरपट मेली, असं म्हणणाऱ्यांना

चंद्रपूरच्या झरपट नदीविषयी परभणीकडच्या सेलूच्या माणसाने का बोलावं, असं कुणी विचारील, म्हणून उत्तर आधीच देतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेला चंद्रपुरात जी गर्दी लोटते, तिच्यात नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या माणसांचा भरणा मोठा असतो. झरपटेत अंघोळ करायची आणि मग देवीपुढे जायचं, असा रिवाज आहे. म्हणजे त्या पाण्याशी आमचा संबंध अंगाचा आहे. शिवाय यात्रा उठली की ‘मराठवाड्याचे यात्रेकरू नदी नासवून गेले’ हा शेरा आमच्याच माथी येतो.

तर पहिल्यांदा त्या शेऱ्याचंच बघू. यात्रेकरू पत्रावळी टाकतात, जुनी लुगडी सोडतात, निर्माल्य सोडतात. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि आमच्या लोकांनी हे थांबवलं पाहिजे. पण तो कचरा दिसतो आणि टोपल्यांनी उचलता येतो. यात्रा चैत्रातली, जास्तीत जास्त पंधरा दिवसांची. शहराचं सांडपाणी बारा महिने चालू. जलपर्णीला वाढायला जे खत लागतं ते त्या सांडपाण्यातून मिळतं, पत्रावळीतून नव्हे. नदीकाठी यात्रेपुरती वेगळी अंघोळीची सोय करावी लागते, त्यातच कबुली आली: नदी अंघोळीची राहिलेली नाही. ती कुणामुळे, हे मात्र कुणी बोलत नाही.

दुसरा पक्ष जरा शहाणा. तो म्हणतो, कोळशाच्या खाणी हा जुना विषय झाला, आता गटारांचं बोला. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण झरपटेचं खरं दुखणं इथेच आहे.

चंद्रपूर वसण्याची कथा या नदीच्या पात्रातच घडते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला निघाला, तहानेने कासावीस झाला, झरपटेच्या कोरड्या पात्रात त्याला एक पाण्याचा झिरपा सापडला; त्या पाण्याने त्याच्या अंगावरचे फोड बरे झाले, अशी ती कथा. अचलेश्वराचं देऊळ त्याच जागेशी जोडलेलं आहे. फोड बरे झाले की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. पण कथा सांगणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पात्र वरून कोरडं असलं तरी वाळूखाली पाणी असतं. उन्हाळ्यात छोटी नदी जगते ती याच भूजलावर.

आणि खाण पहिला घाव घालते तो भूजलावरच. महाकाली, रय्यतवारी, लालपेठ, दुर्गापूर ही कोळसाखाणींची नावं चंद्रपूरकराला पेठांच्या नावांइतकी परिचयाची. कोळसा काढायचा तर आधी खाणीत भरणारं पाणी उपसावं लागतं, अहोरात्र. त्यामुळे भोवतालची पाण्याची पातळी खाली ओढली जाते. नदीला जमिनीतून पाणी मिळायचं, ते उलटं वाहायला लागतं. नदीच जमिनीत मुरते. खाण बंद झाली, पंप थांबले, म्हणून पूर्वीचे झरे पूर्वीच्या जागी परत येत नाहीत. आधी पोकळी भरते, मग पाणी स्वतःची वाट शोधतं, आणि येताना खडकातले गंधकाचे, लोखंडाचे क्षार घेऊन येतं.

‘जुना विषय’ म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०२२ मधलं घुग्घूस आठवावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावात एक अख्खं राहतं घर जमिनीत गडप झालं. खाली इंग्रजांच्या काळातली भूमिगत खाण होती. इतक्या वर्षांनी ती वर आली.

तिसरा पक्ष सरकारी थाटाचा: सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चाललं की नदी आपोआप सुधारेल. केंद्रं हवीतच. पण आकडे जुळवून बघा. अंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे घाण कुजवताना पाण्यातला प्राणवायू किती खर्च होतो त्याचं माप, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावं, असा निकष आहे. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला मात्र २०१७ च्या अधिसूचनेने महानगरं सोडून इतर शहरांत ३० पर्यंत मुभा दिली. २०१९ मध्ये हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितली. म्हणजे सगळं नियमाने चाललं तरी हे पाणी अंघोळीच्या मापाच्या कितीतरी वर. ते विरळ करायला नदीचं स्वतःचं पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात तेच नसतं. गटार पूर्ण अडवलं तर चैत्रात पात्रात कोरडी रेती राहील, नाही अडवलं तर गटार राहील. दोन्हींना नदी म्हणता येत नाही.

मग करायचं काय? झरपटेला तिचं पाणी परत द्यायचं. खाणींतून उपसलेलं आणि बंद खाणींत साठलेलं पाणी शुद्ध करून शहराच्या वरच्या अंगाला पात्रात सोडायचं, ते नेमकं उन्हाळ्यात.

‘खाणीचं पाणी कसं वापरणार?’ असं कुणी म्हणेल. हे वेकोलिला, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीलाच विचारा. याच कंपनीने नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं. बाटलीला चालतं ते पाणी नदीला का चालू नये? बाटलीची किंमत वसूल होते, नदीची होत नाही, एवढाच काय तो फरक.

पैशाचं रडगाणंही टिकत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम भरायची आहे, आणि तिच्या खर्चाच्या अग्रक्रमात पिण्याचं पाणी व पर्यावरण आहे. शिवाय खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कोळसा कंपन्यांनी वेगळ्या खात्यात पैसे ठेवायचे, हा २००९ पासूनचा नियम. त्या वेळचा दर उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीला १ लाख. (भूमिगत खाणीचा खड्डा वरून दिसत नाही, म्हणून ती स्वस्त! घुग्घूसवाल्यांना विचारावं.) त्याच २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं होतं. कोळशातून मिळकत झाली तशी ही बदनामीही झाली. मिळकतीतला थोडा वाटा नदीकडे वळवणं म्हणजे उपकार नव्हेत.

आणि नदीतून उपसत राहायचं व ती आपोआप भरून निघेल म्हणायचं, हा दोष आमच्याही अंगावर येणारा आहे. दुधना नदीची वाळू उपसणारे सेलूतही म्हणतात, पुराबरोबर ती परत येते. निम्न दुधना धरणाच्या भिंतीने गाळ-रेती अडवल्यावर भिंतीखाली ती येणार कुठून, याचं उत्तर कुणी देत नाही.

चंद्रपुरात एक गोष्ट तर पुढच्या चैत्राआधीच होऊ शकते. महाकालीजवळच्या घाटावर एक फळा लावावा. त्यावर त्या आठवड्याचा बीओडी लिहावा, शेजारी ३ हा निकष लिहावा, आणि खाणीतून त्या आठवड्यात किती पाणी उपसलं व ते कुठे सोडलं, तेही लिहावं. यात्रेकरूंना दोष द्यायचा तर तो फळा वाचून द्यावा.