विश्लेषण : सातबाऱ्यावर गाव, प्रत्यक्षात मुंबईचे श्रीमंत उपनगर… मांडवा-किहीमचा किनारा नेमका कुणाचा?

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवायची आणि तासाभराने मांडव्याला उतरवायची. तोच प्रवास रस्त्याने केला तर पनवेल, पेण, वडखळ असा सुमारे शंभर किलोमीटरचा वळसा पडतो. अलिबाग तालुक्यातील मांडवा, सासवणे, आवास, किहीम या किनारी गावांचे गेल्या काही वर्षांत जे काही झाले, त्याचे मूळ या फरकात आहे. कागदोपत्री ही गावे आहेत. ग्रामपंचायत, तलाठी, सातबारा सारे तसेच आहे. किनाऱ्यालगतची उंच कुंपणे, आतली हिरवळ, पोहण्याचे तलाव आणि शुक्रवारी संध्याकाळी जेट्टीबाहेर लागणारी गाड्यांची रांग मात्र दक्षिण मुंबईच्या एखाद्या उपनगराची आठवण करून देते.

पाण्याकाठी जमीन घेण्याची ओढ आता अलिबागपुरती राहिलेली नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरून उजनीचे पाणी दिसू लागले की ‘इथे एक एकर मिळेल का’ हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. त्यामुळे मांडव्यात काय घडले, हे बारामती-इंदापूरकरांनीही समजून घेण्यासारखे आहे.

मांडवा ‘उपनगर’ कसे झाले?

‘अग्निपथ’ (१९९०) या चित्रपटातील विजय दीनानाथ चौहानमुळे मांडवा हे नाव देशभर पोहोचले. पण मुंबईकर त्याआधीपासूनच या किनाऱ्यावर येत होते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. शिल्पकार नानासाहेब करमरकर सासवण्याचेच, त्यांच्या घरातले शिल्पसंग्रहालय आजही पाहता येते. त्या काळी येणारा पाहुणा गावातल्या वाडीत उतरायचा, आणि पावसाळ्यात लाँच बंद झाल्या की किनाऱ्याचा मुंबईशी संबंध जवळजवळ तुटायचा.

१५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. आठवडाभरात टाळेबंदी आली आणि बोट थांबली. पण त्याच टाळेबंदीने घरून काम करण्याची सवय लावली. सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा किनाऱ्यावरचे घर सुट्टीपुरते राहिले नव्हते, महिनोन्‌महिने राहण्याची ती जागा झाली होती. सुमारे ५०० प्रवासी आणि १४५ गाड्या नेणारी ही बोट हवामान ठीक असेल तर पावसाळ्यातही चालते. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि शिवडीहून उरण परिसर काही मिनिटांवर आला. आता उरते ती करंजा आणि रेवस यांच्यामधली धरमतर खाडी. तिच्यावर पूल बांधण्याचा विचार बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असतानाचा, म्हणजे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. हा पूल आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा भाग म्हणून हाती घेण्यात आला आहे. शिवाय २०१९ मध्ये हद्द वाढून ६,३२८ चौरस किलोमीटर झालेल्या मुंबई महानगर प्रदेशात अलिबागचाही समावेश आहे. जमिनीचे भाव पूल होण्याची वाट पाहत नाहीत, पुलाच्या बातमीबरोबरच ते वाढतात.

ही जमीन आधी कुणाची होती?

अलिबागच्या जमीन व्यवहारांच्या बातम्यांत हा भाग सहसा येत नाही. याच तालुक्यातील चरी गावात ऑक्टोबर १९३३ मध्ये खोत-सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले. चरी आणि आसपासच्या गावांतील खाचरे पडीक राहिली, लोकांनी लाकूडफाटा आणि मासेमारीवर दिवस काढले, पण संप मोडला नाही. तो १९३९पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले.

पुढे १९३९चा कूळ कायदा, १९४८चा कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४९चा खोती निर्मूलन कायदा असे टप्पे आले. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ने कसणाऱ्या कुळाला मालक मानले. म्हणजे गावात न राहणाऱ्या मालकाकडून जमीन सुटून गावात राहणाऱ्या शेतकऱ्याच्या नावे व्हायला एक पिढी खर्ची पडली. आज किनाऱ्यालगतच्या सातबाऱ्यांवर पुन्हा गावाबाहेरच्या मालकांची नावे चढत आहेत. फरक एवढाच की या वेळी जमीन राजीखुशीने आणि चांगल्या किमतीला विकली जाते. तरीही दिशा उलटी आहे, हे नाकारता येत नाही.

शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येते?

कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. मग मुंबईचा उद्योजक किंवा कलाकार ती घेतो कशी? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो आधीच ‘शेतकरी’ असतो. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर राज्यात कुठेही नाव असले तरी दुसऱ्या तालुक्यात जमीन घेता येते. दुसरा मार्ग आधीच बिगरशेती (एनए) झालेला भूखंड घेण्याचा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला जमीन महसूल संहितेतील कलम ४२-डमुळे निवासी वापराचा मार्ग बराच सोपा झाला आहे.

कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला पूर्वी प्रत्येक वेळी परवानगी लागायची, कारण तिच्यावर कलम ४३ची बंधने होती. २०१४च्या दुरुस्तीने ही अट सैल केली. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून जमीन विकता येते. इथे ‘आकार’ म्हणजे शेतसारा, बाजारभाव नव्हे. कोट्यवधींच्या व्यवहारापुढे ही रक्कम किरकोळ ठरते.

उरतो फार्महाऊसचा मुद्दा. शेतघराची मुभा शेतकऱ्याच्या कुटुंबाला राहण्यासाठी, औजारे आणि धान्य ठेवण्यासाठी, जनावरांसाठी आहे. त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते आणि ०.६ हेक्टरपर्यंतच्या शेतात जोत्याचे क्षेत्र १५० चौरस मीटरपुढे नेता येत नाही. या व्याख्येत जकुझी कुठे बसते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

समुद्रापासून किती अंतर सोडावे लागते?

सागरी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ची, नंतरच्या २०११ आणि २०१९च्या. ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई हा मूळ नियम. २०१९च्या अधिसूचनेने, २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहत असतील अशा दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटरवर आणले. विरळ वस्तीच्या भागासाठी ते २०० मीटरच राहिले.

नियम मोडल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण किहीमचेच आहे. अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या बेकायदा बंगल्यांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. तिच्या सुनावणीनंतर नीरव मोदी याचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आला. ते दृश्य देशभर दाखवले गेले. पण मालक देश सोडून पळालेला आणि बंगला जप्त झालेला, अशी ती असाधारण स्थिती होती. एरवी अशी प्रकरणे स्थगिती, फेरमोजणी आणि ‘बांधकाम जुनेच आहे’ या दाव्यांत वर्षानुवर्षे फिरत राहतात.

भरतीरेषेखालची वाळू सरकारची आहे, तिच्यावर कुणाचीही मालकी नाही. बंगलेवाल्याला समुद्र विकत घेता येत नाही, हे खरेच. त्याला घेता येते ती समुद्राकडे जाणारी वाट. दोन वाड्यांमधून जाणारी पायवाट कुणाच्या सातबाऱ्यात असते, पण वापरतो सारा गाव. जुन्या मालकाने ती कधी अडवलेली नसते. नवा मालक भिंत घालतो तेव्हा मासळी वाळवायला जाणाऱ्या कोळणीला लांबून फिरून जावे लागते. शेताकडे जाणारी वहिवाट अडली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत अनेकांना ती उलटल्यावरच कळते.

विहिरीचे गणित

किनाऱ्यावरच्या विहिरीत गोडे पाणी असते, कारण पावसाचे पाणी जमिनीखाली समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जास्त आहे. त्यावरून ढोबळ हिशेब असा निघतो की भूजल पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो.

हा हिशेब उलटाही चालतो. उपसा वाढून पातळी एक मीटरने खाली गेली, तर खालचे खारे पाणी चाळीस मीटरने वर सरकू शकते. प्रत्यक्षात खडक आणि मातीप्रमाणे आकडा बदलतो, पण प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे. नारळी-पोफळीच्या वाडीला शिंपण्यापुरते पाणी काढणारी विहीर आणि हिरवळीसाठी, पोहण्याच्या तलावासाठी खोल बोअरवेलवर तासन्‌तास चालणारा पंप यांचा जमिनीखालचा परिणाम सारखा नसतो. बोअर ज्याच्या हद्दीत आहे त्याला टँकर परवडतो. पाणी खारट होते ते शेजारच्या वाडीचे, आणि त्या वाडीला टँकर परवडत नाही.

गावाला काय मिळते?

जमीन विकणाऱ्या कुटुंबाला एकदा मोठी रक्कम मिळते. घराची राखण, बागकाम, स्वयंपाक, बांधकाम, रिक्षा यांतून रोजगारही वाढतो. याला कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबईला खोलीवर राहून नोकरी करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी गावातच काम मिळावे, हीच इच्छा धरली होती.

ग्रामपंचायतीची तिजोरी ही वेगळी गोष्ट. घरपट्टी २०१५च्या दुरुस्तीनंतर भांडवली मूल्यावर आकारली जाते, पण तिचा दर हजार रुपये मूल्यामागे पैशांत मोजला जातो आणि मूल्य सरकारी दरपत्रकावरून ठरते. मुद्रांक शुल्काचा मोठा वाटा राज्य सरकारकडे जातो. जिल्हा परिषद आणि पंचायतींसाठी असतो तो एक टक्क्याचा अधिभार. कचरा, अरुंद रस्ते, पाणीपुरवठा यांचा भार मात्र रोजचा आहे. त्यातच बंगल्याचा मालक इथला मतदार नसतो. ग्रामसभेत तो येत नाही, आणि त्याच्याकडून काही मागायचे तर ग्रामसभेला तो सापडतही नाही.

उजनीकाठी काय वेगळे?

इंदापूर तालुक्यातील पाणकाठ समुद्रासारखा नैसर्गिक नाही. भीमेवरील उजनी धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झाले आणि शेती करणारी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर दुष्काळात पाणी ओसरले की वर येते. भरतीची रेषा रोज थोडी हलते, उजनीची रेषा मात्र वर्षभरात कित्येकदा किलोमीटरभर मागे सरते. ऑक्टोबरमध्ये ‘पाण्याला लागून’ म्हणून दाखवलेली जमीन मे महिन्यात भेगाळलेल्या गाळासमोर असते. मधली पट्टी संपादित, म्हणजे सरकारची. त्यात धरणग्रस्त गाळपेर करतात. ती कुणालाही विकत देता येत नाही.

पाण्याकडे पाहण्याची नजरही दोन प्रकारची आहे. पुण्याहून भिगवण, कुंभारगावला फ्लेमिंगो पाहायला येणाऱ्याला हा जलाशय देखावा वाटतो. काठावरच्या माणसाला पलीकडच्या तालुक्यात जायचे तर तोच अडसर ठरतो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मांडव्याला बोटीने जाणे ही चैन आहे, इथे ती गरज होती.

जमीन न विकता पाहुणा आणण्याची वाट याच भागात, तीही पाण्यावाचून, शोधली गेली. बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, लोणी भापकर परिसरातील पळशीवाडीत २००५ पासून कृषी पर्यटन केंद्र चालवले जात आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यात केंद्र शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर असणे अपेक्षित आहे. एकरकमी पैसा यातून येत नाही, त्यामुळे जमिनीच्या भावापुढे हा पर्याय फिका वाटतो.

पाणकाठची जमीन विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने सातबाऱ्यावर तीन नोंदी आधी पाहाव्यात. भोगवटादार वर्ग १ आहे की २. इतर हक्कांत कलम ४३ किंवा पुनर्वसनाचा शेरा आहे का. आणि संपादनाची हद्द कुठे संपते. तिसरी गोष्ट सातबाऱ्यावर नेहमीच स्पष्ट नसते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि जलसंपदा विभागाचा संपादन नकाशा शेजारी ठेवून पाहावा लागतो, तोही शक्यतो धरण भरलेले असताना नव्हे तर उन्हाळ्यात, हद्दीचे दगड उघडे पडलेले असताना.