एका प्रवाहावरून निकाल नको

आपल्या आकाशगंगेचे बहुतांश वस्तुमान डोळ्यांना न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे आहे. त्याचे प्रभामंडळ गोल, चपटे की वेडेवाकडे, हे ताऱ्यांच्या प्रवाहांवरून ताडता येते. आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या तारकागुच्छाचे किंवा बटुदीर्घिकेचे तारे गुरुत्वाच्या ताणाने सुटतात आणि त्या गुच्छाच्या किंवा बटुदीर्घिकेच्या कक्षेच्या आसपास लांबवर पसरतात. प्रभामंडळ गोल असेल तर दूरचा प्रवाह जवळपास एकाच प्रतलात राहतो. नसेल तर ते प्रतल हळूहळू वळते. मात्र आकाराचा निकाल कोणत्याही एका प्रवाहावरून देऊ नये. धनू बटुदीर्घिकेच्या प्रवाहावरून २०१० मध्ये तिन्ही अक्षांत असमान प्रभामंडळ सुचवले गेले, तर पॅलोमार ५ आणि जीडी-१ या दोन प्रवाहांच्या २०१६ मधल्या एकत्रित अभ्यासातून ते जवळजवळ गोल निघाले.

उत्तरे अशी बदलत असतील तर ही पद्धतच कुचकामी, असा आक्षेप घेता येईल. पण हे प्रवाह एकच जागा मोजत नाहीत. पॅलोमार ५ आणि जीडी-१ प्रभामंडळाच्या आतल्या भागाची साक्ष देतात, धनूचा प्रवाह कितीतरी दूरवर जातो. आणि आत-बाहेर आकार सारखाच असला पाहिजे, असा काही नियम नाही. शिवाय जुन्या गणितांत मोठा मॅगेलन मेघ ही आकाशगंगेची सोबती दीर्घिका बहुधा धरलेलीच नव्हती. गाया दुर्बिणीच्या मोजमापांत ऑर्फन प्रवाहातले तारे प्रवाहाची दिशा सोडून सरकताना दिसले. २०१९ मध्ये त्याचा उलगडा या मेघाच्या ओढीतून झाला, आणि मेघाचे वस्तुमान सुमारे १४ हजार कोटी सूर्यांइतके निघाले. २०२१ मध्ये धनू प्रवाहाच्या गणितातही हा मेघ अपरिहार्य ठरला. म्हणजे विसंगतीनेच राहून गेलेला घटक दाखवून दिला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: प्रवाह गुरुत्व मोजतात, कृष्णद्रव्य नव्हे, मग गुरुत्वाचा नियमच चुकीचा नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. पण पर्यायी नियमालाही हेच सगळे प्रवाह एकाच वेळी जुळवून दाखवावे लागतील, आणि ती कसोटी एका प्रवाहापेक्षा खूपच कठोर आहे. आकाराचा प्रश्न मुळात महत्त्वाचा आहे तो कृष्णद्रव्याच्या स्वभावामुळे: त्याचे कण एकमेकांवर आदळत असतील, तर प्रभामंडळाचा गाभा अधिक गोल व्हायला हवा. चिलीतली रुबिन वेधशाळा आता आणखी दूरचे, फिकट प्रवाह टिपू शकेल. त्या प्रत्येकातून स्वतंत्र आकार जाहीर करण्याची घाई टाळून, मेघासह सर्वांचे एकच गणित मांडणे हाच खरा मार्ग आहे.