गरम कुत्रा आणि हातगाडी

गेल्या स्नेहसंमेलनाच्या आनंदमेळ्यात आमच्या वर्गाने ‘हॉट डॉग’चा गाळा लावला होता. धारवाडकडच्या मित्राने त्याचे लगेच ‘बिसि नायि’ असे कानडी भाषांतर केले, आम्ही मराठीत ‘गरम कुत्रा’ म्हटले आणि हशा पिकला. मग कोणीतरी म्हणाले, “तीन वर्षे कॉमर्स करून शेवटी हातगाडीच लावायची का रे?” सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. त्या हसण्याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत.

या पदार्थाची थट्टा नवी नाही. जर्मन लोकांनी आपले सॉसेज अमेरिकेत नेले आणि तेथे ते गाड्यांवर पावात घालून विकले जाऊ लागले. त्यात कुत्र्याचे मांस असते अशी कुचेष्टा लोक करीत. तीतूनच हे नाव रूढ झाले. १८९५ साली येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात ते छापलेले आढळते. म्हणजे टवाळखोर आपल्यासारखेच महाविद्यालयीन तरुण होते! पुढे तेच नाव दुकानांच्या पाट्यांवर चढले. १९१६ साली नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंडला पाच सेंटला एक या दराने विक्री सुरू केली. १९३९ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी इंग्लंडच्या राजाराणीला मेजवानीत हॉट डॉग वाढले. शिकागोत तर त्यावर टोमॅटो केचप घालणे आजही शिष्टसंमत नाही, मोहरीच हवी!

आमच्या मध्य प्रदेशातही हॉट डॉग आहे. इंदूरच्या छप्पन दुकान भागात विजयसिंह राठोड यांनी १९७८ साली ‘जॉनी हॉट डॉग’ सुरू केले. तिथे लांबट सॉसेज शोधू नका. गोल पावात बटाट्याची किंवा मटणाची टिक्की, नाहीतर अंड्याचा ‘बेंजो’. नाव परदेशी, चव इंदुरी. आणि दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास वडापाव सुरू करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते अशोक वैद्यही गाडीवालेच.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने यात काय पाहावे? पाव हीच बशी, त्यामुळे ताटली-चमच्याचा आणि धुण्याचा खर्च नाही. गिऱ्हाईक उभ्याउभ्या खाते, त्यामुळे जागेचे भाडे वाचते. माल रोखीने विकला जातो, बुडीत कर्ज नाही. आणि थट्टेचे नाव टिकले की त्याची ‘ख्याती’ होते. तीच ख्याती आपण जमाखर्चाच्या पेपरात अदृश्य संपत्ती म्हणून मांडतो, पण रस्त्यावर दिसली की नाक मुरडतो.

आता कबुली देतो. मी बालाघाटचा. शाळा गोंदियाला आजीकडे राहून मराठीत झाली, आता मामांकडे राहून इथे शिकतो. बाबांची बालाघाटला आलूबोंड्याची गाडी आहे. भरवेलीच्या मँगनीज खाणीची पाळी सुटली की तिथे पाय ठेवायला जागा नसते. कोणाची किती उधारी, कढईला तेल किती लागले, हे सारे बाबा तोंडी सांगतात. वर म्हटले ना, रोखीचा धंदा? खाणकामगारांपुरता बाबांनी तो नियम मोडला आहे, आणि पगाराच्या दिवशी बहुतेक पैसे परत येतात. हा पतपुरवठा मला कोणत्या पुस्तकात सापडला नाही.

प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘व्यापार’ लिहिले. ते खोटे नव्हते, पण लिहिले ते लपवण्यासाठी.

म्हणून माझी प्राध्यापकांना विनंती आहे. प्रकल्पासाठी आम्ही दरवर्षी मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद उतरवून काढतो. त्याऐवजी प्रत्येकाला एका हातगाडीचा महिनाभराचा हिशेब लिहायला सांगा. गाडीवाल्यालाही त्याचा उपयोग होईल आणि आमचे हसणेही थांबेल. पहिला हिशेब मी दिवाळीच्या सुटीत बालाघाटला लिहिणार आहे.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य